कोवळी की कच्ची? कमी वयाच्या सिंगल माल्ट स्कॉचची चव आणि तुलना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात तीन बाटल्या आहेत, आर्डबेगची ५ वर्षांची ‘वी बीस्टी’, किलहोमनची ‘माखिर बे’ आणि लागाव्हूलिनची ८ वर्षांची. तिन्ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या, तिन्ही धुरकट आणि तिन्ही कमी वयाच्या. एक मित्र म्हणतो की १२ वर्षांखालची स्कॉच घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. दुसरा म्हणतो की वयाला काही अर्थच नसतो. यांपैकी खरे कोणाचे, आणि या तिघी समोरासमोर ठेवून नीट चाखायच्या कशा? गेली सोळा वर्षे मी पुण्यात चव-परीक्षणाची छोटी सत्रे घेत आलो आहे आणि कमी वयाचे सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की, हा माझ्या विशेष आवडीचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मला दोघांचेही म्हणणे पटत नाही, आणि त्याचे कारण सांगायला आपल्या भाषेत दोन चांगले शब्द आहेत. ‘कोवळे’ आणि ‘कच्चे’ या दोन्ही गोष्टी वयाने लहानच असतात, पण कोवळी भेंडी आपण बाजारात शेंडा मोडून पाहून मुद्दाम निवडतो आणि कच्चा चिकू मात्र तोंड तुरट करून ओठांना चीक लावतो. कमी वयाच्या व्हिस्कीबाबत विचारायचा प्रश्न एवढाच आहे की ती कोवळी आहे की कच्ची. बाटलीवरचा आकडा याचे उत्तर देत नाही. नाक आणि जीभ ते देतात, मात्र त्यासाठी कच्चेपणा कशाला म्हणायचे हे आधी माहीत असावे लागते.

आधी कायद्याचे पाहू. स्कॉच म्हणवून घेण्यासाठी मद्य स्कॉटलंडमध्ये, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत, किमान ३ वर्षे मुरावे लागते आणि बाटलीत त्याची तीव्रता किमान ४० टक्के असावी लागते. लेबलवर वय छापले असेल तर ते बाटलीतल्या सर्वांत तरुण थेंबाचे वय असते. ‘माखिर बे’वर वय छापलेले नाही, म्हणजे कायद्याने आपल्याला एवढीच हमी आहे की तिच्यात ३ वर्षांखालचे काही नाही. ही ३ वर्षांची अटही फार जुनी नाही. १९१५ साली ब्रिटनमध्ये प्रथम २ वर्षांची सक्ती आली आणि पुढच्याच वर्षी ती ३ वर्षांची झाली. दीर्घकाळ मुरवलेली व्हिस्की हीच खरी व्हिस्की, ही समजूत त्या मानाने अलीकडची आहे. १८८०च्या दशकात ब्रिटनभरच्या भट्ट्या पाहत फिरलेल्या आल्फ्रेड बार्नर्डने लागाव्हूलिनमध्ये जी व्हिस्की चाखून वाखाणली ती ८ वर्षांचीच होती, आणि २०१६ साली त्या भट्टीला २०० वर्षे झाली तेव्हा आपल्याकडची ८ वर्षांची बाटली त्याच आठवणीने काढली गेली. इटलीत तर स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या ग्लेन ग्रँट भट्टीची ५ वर्षांची व्हिस्की कित्येक दशके लोक आवडीने पीत आले आहेत.

आता पिंपात नेमके काय घडते ते पाहू, कारण तुलनेचा सगळा पाया तिथे आहे. भट्टीतून उतरलेले पाण्यासारखे रंगहीन मद्य साधारणपणे ६३.५ टक्क्यांपर्यंत पातळ करून पिंपात भरतात. तिथे तीन कामे एकाच वेळी, पण वेगवेगळ्या गतीने चालतात. पहिले काम वजाबाकीचे: पिंपाच्या आतल्या जळक्या थराचा कोळसा गंधकयुक्त आणि उग्र घटक शोषून घेतो. दुसरे बेरजेचे: लाकडातून व्हॅनिलासारखा गोडवा, ओल्या खोबऱ्याचा वास, लवंगेचा तिखटपणा आणि तुरटपणा मद्यात उतरतो. तिसरे काम सर्वांत सावकाश होते. लाकडाच्या छिद्रांतून येणाऱ्या हवेमुळे मद्यातलेच घटक एकमेकांशी जुळत जातात, फळांचे वास खोल होतात आणि टोके बोथट होतात. बेरीज लवकर उरकता येते. लहान पिंप घ्या, ताजे पिंप घ्या, आतून तासून पुन्हा भाजून घ्या, की दोन-तीन वर्षांत व्हिस्कीला दाट रंग आणि भरपूर गोडवा येतो. तिसऱ्या कामाला मात्र आडवाट नाही. म्हणूनच तोंडावर व्हॅनिला आणि कॅरमेल, आणि मागे जिभेच्या मुळाशी भिजवलेल्या धान्याचा अंबूसपणा, अशी व्हिस्की भेटली की ती लाकडाने झाकलेली कच्ची व्हिस्की आहे असे मी समजतो. साधे जुने पिंप वापरून ५ वर्षांत बाटलीत आलेली फिकट, प्रामाणिक व्हिस्की मी तिच्यापेक्षा कधीही वरची मानतो.

रंगावर तर विसंबूच नये. स्कॉचमध्ये साधा कॅरमेल रंग घालायला कायद्याची परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी हा हिशेब चुकतो.

कच्चेपणाचे वास ओळखायला मराठी स्वयंपाकघर पुष्कळ मदत करते. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व केलेले ज्याने पाहिले आहे त्याला माल्टची कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही, आणि त्या सत्त्वाचा कोरडा, गोडसर, खमंग वास हा चांगल्या तरुण माल्टचा पहिला वास आहे. तो दोष नव्हे. पिकलेले केळे, पिअर, हिरवे सफरचंद हे वास किण्वनातून येतात आणि तेही कोवळेपणाचेच लक्षण आहे. याउलट रात्रभर भिजवून पाणी न बदललेल्या डाळीचा वास, उकडलेल्या कोबीचा वास, नुकत्याच विझवलेल्या आगकाडीचा वास, ओल्या चामड्याचा किंवा घामट कपड्याचा वास, हे कच्चेपणाचे वास आहेत. कोबी आणि आगकाडी गंधकातून येतात. भट्टीतल्या तांब्याशी वाफेचा पुरेसा संबंध आला नाही किंवा पिंपाचे वजाबाकीचे काम अर्धवट राहिले की ते उरतात. चामडे आणि घाम हे ऊर्ध्वपातनाच्या शेवटच्या धारेतून येतात, आणि ती धार केव्हा तोडायची हा भट्टीवरच्या माणसाच्या हातातला सर्वांत नाजूक निर्णय असतो. ज्या व्हिस्कीला लहान वयात बाटलीत जायचे आहे, तिची धार स्वच्छच तोडावी लागते, कारण चूक पुसून काढायला पुढची दहा वर्षे मिळणार नसतात. ग्लेन ग्रँटची ऊर्ध्वपातनाची उंच भांडी आणि जड वाफ परत खाली पाठवणारी त्यांची शुद्धीकरणाची नळी यांमुळे तिथले मद्य मुळातच हलके उतरते. ५ व्या वर्षी ते गोड लागते त्याचे श्रेय पिंपापेक्षा भट्टीला जास्त आहे.

आपल्या तिन्ही बाटल्या धुरकट असल्यामुळे एक अडचण आहे. पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातकट सरपणाच्या, धुरात वाळवलेल्या बार्लीतले फिनॉल (धुराचा वास देणारे घटक) काळाबरोबर कमी होत जातात, त्यामुळे तरुण व्हिस्कीत धूर सर्वाधिक जाणवतो, आणि तो कच्चेपणा झाकतो. हॉटेलात जळका तडका देऊन शिळी डाळ खपवता येते, तसेच हे आहे. लेबलांवर आणि चर्चांत फिनॉलचा जो ‘पीपीएम’चा (दहा लाख भागांत किती भाग) आकडा येतो, म्हणजे आर्डबेगसाठी साधारण ५५, किलहोमनच्या या प्रकारासाठी ५० आणि लागाव्हूलिनसाठी ३५ च्या आसपास, तो मोड आणलेल्या बार्लीचा आहे, पेल्यातल्या व्हिस्कीचा नाही. भिजवणे, आंबवणे, ऊर्ध्वपातन आणि मुरवणे या प्रत्येक पायरीवर त्यातला मोठा भाग गळतो, आणि धुराचे जड घटक धारेच्या उत्तरार्धात येत असल्याने धार कोठे तोडली यावर पुष्कळ अवलंबून असते. त्यामुळे त्या आकड्यांवरून क्रम लावू नये. माझी आग्रहाची सूचना अशी की जमल्यास चौथा पेला बिनधुराच्या तरुण माल्टचा ठेवावा. ब्रुकलॅडीची ५० टक्क्यांची ‘क्लासिक लॅडी’ यासाठी उत्तम. तीही आयलाचीच, तिच्यावरही वय छापलेले नाही, आणि तिच्यात बार्लीचा स्वतःचा वास उघडा दिसतो. तो एकदा नाकात बसला की उरलेल्या तिघींत धुराच्या पडद्यामागचे तेच बी ओळखू येते.

आता प्रत्यक्ष तयारी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीचे तापमान ३४ अंशांवर असते आणि त्या उष्णतेत अल्कोहोल नाकावर इतके धावून येते की सौम्य व्हिस्कीही कच्ची वाटते. माझ्याकडे सत्राला आलेल्या कितीतरी लोकांनी केवळ हवामानामुळे एखाद्या बाटलीवर वाईट शेरा मारलेला मी पाहिला आहे. पेल्यातली व्हिस्की २० ते २२ अंशांवर असावी. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण थंडीने वास मिटतात आणि थंड करून न गाळलेली व्हिस्की गढूळ होते. पंखा बंद ठेवावा. घरात फोडणी, उदबत्ती किंवा धूप झाल्यावर निदान तासभर थांबावे. पेले चौघींना एकसारखे, तळाशी रुंद आणि वर निमुळते असावेत. ते गरम पाण्याने धुऊन उपडे न ठेवता वाळवावेत, कारण उपड्या पेल्यात कपाटाचा कोंदट वास साठतो आणि भांड्यांच्या साबणातले लिंबू तर थेट ‘माखिर बे’च्या लिंबात जाऊन मिसळते.

प्रत्येक पेल्यात मोजून २० मिलिलिटर घ्यावे आणि वर बशी झाकून दहा मिनिटे थांबावे. ओतण्याचे काम दुसऱ्या कोणाला द्यावे. त्याने पेल्यांच्या बुडाला क्रमांक चिकटवावेत आणि यादी स्वतःच्या खिशात ठेवावी. नाव दिसत असताना कोणीही निष्पक्ष राहू शकत नाही. इतक्या वर्षांनंतर मीही राहू शकत नाही. पहिल्या फेरीत फक्त वास घ्यायचा. तोंड किंचित उघडे ठेवून, नाक पेल्यात न खुपसता काठाशी धरून दोन-तीन हलके श्वास घ्यावेत, आणि जे सुचेल ते मराठीत लिहावे. विलायती पुस्तकांतली हेदर आणि मार्मलेडची यादी पाठ करण्यापेक्षा ‘पावसात भिजलेल्या गवताच्या गंजीला आग लागल्यासारखा’ किंवा ‘गुऱ्हाळावरच्या काकवीसारखा’ असे लिहिलेले पुढच्या वेळी आपल्याला नक्की ओळखता येते. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करावा, कारण पहिल्या पेल्याचा धूर शेवटच्या पेल्याच्या आकलनावर सावली टाकतो.

पहिला घोट मोजायचाच नाही. तो तोंडाला तीव्रतेची सवय लावण्यासाठी असतो. दुसरा घोट जिभेवर दहा सेकंद फिरवावा, गिळावा किंवा थुंकावा, आणि नाकाने श्वास सोडावा. तुलना करायची असेल तर थुंकण्याचा संकोच धरू नये. चार पेल्यांनंतर गिळणाऱ्याचे शेरे फार उदार होत जातात. मध्ये साधे पाणी आणि बिनमिठाच्या पोळीचा तुकडा पुरतो. फरसाण जवळ ठेवू नये.

यानंतर ज्या परीक्षेवर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे ती पाण्याची. वी बीस्टी ४७.४ टक्के, माखिर बे ४६ टक्के आणि लागाव्हूलिन ४८ टक्के तीव्रतेची आहे. फरक लहान दिसतो, पण जाळ कोणाचा जास्त हे ठरवताना तो फसवतो, म्हणून तिघींना ४० टक्क्यांवर आणावे. २० मिलिलिटरमध्ये लागाव्हूलिनला ४ मिलिलिटर, वी बीस्टीला ३.७ आणि माखिर बेला ३ मिलिलिटर पाणी लागते. ‘क्लासिक लॅडी’ असेल तर ५. औषधाच्या दुकानात मिळणारी बिनसुईची ५ मिलिलिटरची सिरिंज या कामाला अगदी योग्य आहे. नळाच्या पाण्यातले क्लोरिन धुराच्या वासाशी भांडते, तेव्हा कमी क्षारांचे बाटलीबंद पाणी वापरावे. पाण्याने वास का उमलतात याविषयी २०१७ साली स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतीने दाखवले की धुराच्या वासाचा ग्वायाकॉल हा घटक ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली द्रवाच्या पृष्ठभागाशी राहतो आणि ५९ टक्क्यांच्या वर तो आत ओढला जातो. पण माझा हेतू वेगळा आहे. पाणी घातल्यावर जाळ गेला आणि फळ, धान्य, धूर सुटे सुटे दिसू लागले, तर तो जाळ केवळ तीव्रतेचा होता आणि व्हिस्की कोवळी आहे. पाणी घातल्यावरही जाळ घशाशी तसाच राहिला, किंवा गोडवा विरघळून जाऊन खालून भिजक्या डाळीचा वास आणि तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याची धातूसारखी चव वर आली, तर ती कच्ची आहे. लाकडाचा झगा इतक्या चटकन दुसऱ्या कशाने उतरत नाही.

आता या तिघींविषयी माझे मत. मात्र आपली टिपणे लिहून झाल्यावरच ते वाचावे.

वी बीस्टी २०२० साली आली आणि आर्डबेगच्या नेहमीच्या बाटल्यांत ती सर्वांत लहान आहे. बोर्बन (अमेरिकन व्हिस्की) आणि ओलोरोसो शेरी (स्पेनची कडक वाइन) यांची पिंपे वापरलेली असल्यामुळे पहिला वास काळी मिरी, डांबर आणि देवदाराच्या चिकाचा, मागून काळ्या चॉकलेटचा. आर्डबेगच्या दुसऱ्या भांड्यावरही शुद्धीकरणाची नळी आहे, आणि इतक्या धुरातही तळाशी लिंबाच्या सालीसारखे काहीतरी हलके, तेलकट आणि स्वच्छ राहते ते तिच्यामुळे, असे मला वाटते. ४० टक्क्यांवर आणल्यावर मिरी मागे सरते, पण खाली अंबूस काही सापडत नाही. ती दांडगी आहे, कच्ची नाही.

माखिर बेचे कौतुक मला अधिक आहे. किलहोमन २००५ साली अँथनी विल्स यांनी आयलाच्या पश्चिमेला एका शेतावर सुरू केली आणि २००९ मध्ये तिची पहिली ३ वर्षांची व्हिस्की बाजारात आली. लहान वयातच बाटलीत जायचे हे तिथे पहिल्यापासून धरून चाललेले होते, आणि चांगल्या पिंपांचा सल्ला देणारे दिवंगत जिम स्वॉन त्यांच्या पाठीशी होते. लहान भांडी आणि लांबवलेले किण्वन यांमुळे मद्य जड न होता फळांचे उतरते. पेल्यात लिंबू, लोणी, नुकत्या भाजलेल्या बिस्किटाचा गोडवा आणि चूल विझल्यावर सकाळी राखेला येतो तसा कोरडा धूर मिळतो. पाणी घातल्यावर बार्ली पुढे येते, आणि ती खमंग असते, भिजकी नसते. कोवळेपणाचे उदाहरण कोणी मागितले तर मी हीच बाटली पुढे करतो.

लागाव्हूलिन ८ सर्वांत फिकट आणि सर्वांत कोरडी. तिच्या १६ वर्षांच्या प्रसिद्ध थोरल्या बहिणीत शेरी आणि सुकामेवा आहे. इथे पिंपाने फार काही बोललेले नाही, म्हणून भट्टीचे मद्य उघडे दिसते: कोळसा, समुद्राचे मीठ, हिरवे सफरचंद, आणि लांबत जाणारी राख. मोजून पाहा, शेवटची चव तिघींत सर्वांत जास्त वेळ हिचीच टिकते. वास पहिल्या पाच मिनिटांत थोडा बंद वाटतो, म्हणून घाई करू नये.

दोन व्हिस्क्यांत आपल्याला खरोखरच फरक कळतो की नाही अशी शंका असेल तर तीन पेल्यांची परीक्षा घ्यावी: दोन पेल्यांत एक, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येते. वेगवेगळ्या दिवशी पाच वेळा करून चार किंवा पाच वेळा बरोबर आले, तर ते नशिबाने घडण्याची शक्यता सुमारे साडेचार टक्केच उरते.

आपण शेवटी विचारले आहे की गोव्याच्या पॉल जॉनसारख्या किंवा बंगळूरूच्या अमृतसारख्या भारतीय माल्टला याच मोजपट्टीत बसवावे का. आकड्याच्या मोजपट्टीत बसवू नये. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के उडून जाते, गोव्याच्या किंवा बंगळूरूच्या हवेत त्याच्या कित्येक पटींनी, आणि लाकडाची बेरीजही त्याच वेगाने होते. तेथील ५ वर्षे आणि आयलाची ५ वर्षे एक नव्हेत. पाण्याची परीक्षा मात्र त्यांनाही जशीच्या तशी लागू पडते, आणि पुष्कळदा ती माल्ट तिच्यातून चांगली पार पडतात.

रात्री पेले धुऊ नका. तळाशी राहिलेले दोन थेंब झाकण न ठेवता वाळू द्या आणि सकाळी चहाच्या आधी, नाक ताजे असताना, चारही पेल्यांचा वास घ्या. अल्कोहोल उडून गेलेले असते आणि उरते ते बार्ली, धूर आणि लाकूड यांचे सुकलेले सार. किलहोमनच्या पेल्यात बहुधा मधाचा आणि राखेचा, आर्डबेगच्या पेल्यात डांबराचा, लागाव्हूलिनच्या पेल्यात विझलेल्या शेकोटीचा वास सापडेल. एखाद्या पेल्यात फक्त व्हॅनिला आणि त्याखाली अंबूस ओलावा सापडला, तर रात्रीचे त्या पेल्याचे टिपण पुन्हा काढून त्याच्या शेजारी सकाळचे टिपण लिहा, आणि ती बाटली निम्मी होईपर्यंत थांबून पुन्हा एकदा चाखा. हवा लागल्यावर काही तरुण व्हिस्क्या महिन्या-दोन महिन्यांत बऱ्याच सुधारतात.